तक्त्यावरचा मोरपंखी डबा

त्या तक्त्याच्या खाली माझं नाव छापलेलं होतं आणि ते मीच छापू दिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच भांडणार आहे, आणि भांडणारी बाई धुतल्या तांदळासारखी असावी अशी लोकांची अपेक्षा असते. मी तशी नव्हते. तरीही भांडले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन.

मी गोंदियात लहान मुलांची डॉक्टर आहे. आमची डॉक्टरांची एक संघटना आहे, तिची मी त्या काळात सचिव होते. संघटना वर्षभरात दोनच कामं मनापासून करायची. कुठे डॉक्टरला मारहाण झाली की निवेदन द्यायचं, आणि धानाची कापणी आटोपली की सालेकसा, देवरी, चिचगडकडच्या उपकेंद्रांतल्या नर्सताईंना एक दिवसाचं प्रशिक्षण द्यायचं. नवजात बाळाला ऊब कशी द्यावी, पाजावं कसं, वजन कमी असेल तर काय करावं, असे साधेच विषय. त्या भागात आजही कित्येक बाळांचा पहिला डॉक्टर म्हणजे ती नर्सच असते. म्हणून त्या एका दिवसाला मी फार जपायची.

पण त्या दिवसासाठी प्रायोजक लागायचा. गोंदियातल्या हॉटेलचा हॉल, त्यात पुलाव आणि गुलाबजाम, प्रत्येकीला बॅग, वह्या, पेन, भाषण करणाऱ्याला शाल. हे सगळं कुठल्या ना कुठल्या औषध कंपनीकडून यायचं. त्याची एक ठरलेली रीत होती. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी कंपनीचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन दवाखान्यात यायचा. त्यात भाषणाची चित्रं, मुद्दे, सगळं तयार असायचं. "मॅडम, आपको टाइम कहाँ मिलता है," असं म्हणून तो ते टेबलावर ठेवायचा आणि आपण ते घ्यायचं. मी घेतले आहेत असे पेनड्राइव्ह. त्यावरून बोलले आहे. एकदा तर एका कंपनीच्या तिकिटावर नवऱ्याला घेऊन समुद्रकाठच्या परिषदेला गेले, तिथं एक भाषण ऐकलं आणि दोन दिवस समुद्र पाहिला. परत आल्यावर त्या कंपनीचं सर्दीचं औषध माझ्या हातून जास्त लिहिलं गेलं का? तेव्हा मी छातीठोक नाही म्हटलं असतं. आज नाही म्हणत.

बाळांच्या दुधाच्या डब्यांचा मामला मात्र वेगळा आहे. हे डबे विकणाऱ्या कंपन्यांनी डॉक्टर-नर्सच्या कार्यक्रमांना पैसा द्यायचा नाही, भेटी द्यायच्या नाहीत, असा आपल्याकडे कायदाच आहे, आणि तो आम्हा सगळ्यांना पाठ असतो. त्यामुळे डब्याची कंपनी कधी कंपनी म्हणून येत नाही. त्या वर्षी ती 'पोषण ट्रस्ट' होऊन आली. लेटरहेडवर पान होतं, पानावर दवबिंदू होता. ट्रस्ट कुणाचा हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकते, पण ते खोटं होईल. मी विचारलं नाही, एवढंच खरं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं आणि उत्तर मिळालं असतं तर हॉल गेला असता.

वर मी स्वतःचं समाधान करून घेतलं. मी अट घातली की हॉलमध्ये कुणाचाही बॅनर लागणार नाही. ट्रस्टचा माणूस लगेच हो म्हणाला. इतक्या पटकन अट मान्य झाली तेव्हा मला संशय यायला हवा होता, पण आला तो अभिमान. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, बघ, कसं सरळ केलं त्यांना.

बॅनर लागला नाही. त्याऐवजी प्रत्येक नर्सला बॅगेतून एक तक्ता मिळाला. 'बाळाची वाढ' असं वर मोठ्या अक्षरात, खाली महिन्याप्रमाणे वजन, कोणती लस कधी, अगदी बरोबर माहिती. मीच तपासली होती, म्हणून तळाला 'मार्गदर्शन' म्हणून माझं नाव. एका कोपऱ्यात लुगड्यातली हसरी आई आणि मांडीवर गुटगुटीत बाळ. मागे फळी, फळीवर एक मोरपंखी रंगाचा डबा. डब्यावर नाव नाही, अक्षर नाही. गोंदियातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात शिरा, वरच्या फळीवर त्याच रंगाचे डबे ओळीनं दिसतील. तपासताना मी वजनाचे आकडे पाहिले, फळीकडे पाहिलं नाही.

आमच्या उपकेंद्रांची एक सवय आहे. तिथं लॅमिनेशन केलेली वस्तू कधी फेकली जात नाही. साधा कागद पावसाळ्यात ओल धरतो, वाळवी खाते, उंदीर कुरतडतात. लॅमिनेशनवाला तक्ता आला की तो खिळा ठोकून समोरच्या भिंतीवर जातो, आणि तिथून मग इमारत पडेपर्यंत हलत नाही. ट्रस्टवाल्यांना हे माहीत होतं. मी या जिल्ह्यात जन्मले, तरी मला सुचलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सालेकशाच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाहून एक बाई तिचा पोरगा घेऊन माझ्याकडे आली. होळीच्या सुमारास जन्मलेला. तो तीन महिन्यांचा वाटत नव्हता. कातडी हाडांवर सैल लोंबत होती, टाळू खोल गेली होती, रडण्यात आवाज उरला नव्हता. दहा दिवसांपासून हगवण. मी सलाईन लावायला सांगितलं आणि विचारलं, काय पाजते? तिनं पिशवीतून डबा काढला. मोरपंखी.

हकिकत साधी होती. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम आला. तो थोड्याच दिवसांचा, तेवढ्यात वर्षाची मोठी कमाई. पहाटे जंगलात जायचं, दुपारी येऊन पुडे बांधायचे. पोर सासूपाशी. नवरा गोंदियाच्या राईस मिलमध्ये. त्यानंच डबा आणून दिला. डबा महाग, म्हणून एका चमच्याच्या पाण्यात अर्धा चमचा. पाणी विहिरीचं. इकडे पोर छातीला लागेना म्हणून तिचं दूध आटत गेलं, आणि दूध आटलं म्हणून डब्यावाचून चालेना. ती बाई अडाणी नव्हती, चलाख होती. हंगामात दुसऱ्या बायकांपेक्षा जास्त पुडे बांधायची असं सासूनं कौतुकानं सांगितलं.

मी तिच्यावर ओरडले. डॉक्टर लोक घाबरले की ओरडतात. पोराला पाणी पाजून मारते का, आईचं दूध सोडून हे कुणी सांगितलं तुला, असं बरंच बोलले. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "हा डबा तं तुमच्याच तक्त्यावर हाये. खाली तुमचं नाव हाये म्हने, नर्सबाईनं वाचून दाखवलं. मंग आता मलेच काऊन दटावून राहिल्या?"

आजही तिचा तो आवाज आठवला की कानशिलं तापतात, आणि राग तिचा नाही येत, माझा येतो.

पोरगा वाचला. हगवण थांबली, वजन सावकाश वाढू लागलं. पण त्याला परत त्याच डब्यावर घरी पाठवायचं म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा सलाईन. मी तिला म्हटलं, आटलेलं दूध परत आणता येतं, पण फार कटकटीचं काम आहे. ती म्हणाली, सांगा. छातीला एक बारीक नळी चिकटवायची, तिचं दुसरं टोक दुधाच्या वाटीत. पोरगा छातीला ओढ घेतो, तोंडात वाटीतलं दूध येतं, म्हणून तो ओढत राहतो, आणि त्या ओढीनं आईचा पान्हा हळूहळू परत येतो. दर दोन-अडीच तासांनी, दिवसरात्र. त्या वाटीत सुरुवातीला डब्याचंच दूध होतं, नीट मापानं उकळल्या पाण्यात कालवलेलं. डब्याशी माझं वैर नाही. कधीकधी तो लागतो, जसं सलाईन लागतं. भिंतीवर सलाईनचं चित्र लावून कुणी आईला मोहात पाडत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

तीन आठवडे ती माझ्या दवाखान्यात राहिली. पहिले आठ दिवस काही नाही. सासू कंटाळून गावी गेली. नवव्या की दहाव्या दिवशी तिनं मला बोलावून दाखवलं, दोन थेंब. मग वाटीतलं दूध कमी करत गेलो. निघताना वाटी आणि नळी दोन्ही तिनं परत दिली.

ती गेली त्या आठवड्यात मी गाडी काढली आणि उपकेंद्रांमधून तक्ते उतरवायला निघाले. पहिल्याच ठिकाणी अडले. तिथल्या सिस्टर माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, निवृत्तीला आलेल्या. मी खिळ्यावरून तक्ता काढून फाडायला लागले, तो फाटेना. त्यांनी माझा हात धरला. "फाडता कायले, मॅडम? एवढा मजबूत तक्ता सरकार देते का आमाले? वजनाचे आकडे तं बरोबर हायेत ना?" आकडे बरोबरच होते. मग त्यांनीच तोड काढली. कपाटातून पोलिओच्या डोसाचा स्टिकर काढला आणि डब्यावर चिकटवला. तिथून पुढे मी प्रत्येक ठिकाणी स्टिकरच चिकटवत गेले. चिचगडला स्टिकर संपले होते, तिथं जुन्या कॅलेंडरातल्या देवीनं डबा झाकला. माझं नाव मात्र मी कुठंच झाकलं नाही. राहू दे म्हटलं.

दिवाळीनंतर संघटनेच्या कार्यकारिणीची बैठक झाली. प्रशिक्षणाचा विषय निघाला. अध्यक्ष शहरातले सर्वांत ज्येष्ठ प्रसूतितज्ज्ञ. त्यांच्या प्रसूतिगृहात बाळ जन्मलं की पहिला फोन मला यायचा. माझी निम्मी प्रॅक्टिस त्या फोनवर उभी होती. शहरात आले तेव्हा त्यांनीच मला उभं केलं होतं, हेही खरं. त्यांनी सांगितलं, ट्रस्ट पुन्हा तयार आहे. हॉल, जेवण, बॅगा, तक्त्याची नवी आवृत्ती. आणि या वेळी प्रत्येक उपकेंद्राला बाळांचा एक डिजिटल वजनकाटा.

त्या काट्यांनी माझा जीव खाली-वर झाला. उपकेंद्रांतले काटे मी पाहिलेले होते. एकाची तबकडी वाकलेली, एकाचा काटा शून्यावर येतच नाही, एका ठिकाणी धान मोजायच्या तराजूत पोर बसवतात. नवे काटे मिळाले तर कमी वजनाची बाळं लवकर हाती लागतील, हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणालाच कळत नव्हतं. म्हणूनच तर ते देत होते.

मी नाही म्हटलं. पोराची गोष्ट सांगितली, तक्ता सांगितला, माझं नाव सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. एकजण म्हणाला, दोष बाईचा, पाणी तिनं जास्त घातलं. दुसरा म्हणाला, नागपूरला, रायपूरला हेच चालतं. अध्यक्ष शेवटी बोलले, आणि माझ्या वर्मावर बोलले. "मॅडम, समुद्र पाहून आलात तेव्हा तुम्हाला हे सुचलं नाही. आता बाळांचे वजनकाटे नाकारता? बाळांचे?"

मी म्हटलं, "सर, तेव्हा चुकले म्हणून आता पण चुकत राहू का?"

मी कोहळी समाजातल्या घरातली. आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले असं सगळे कौतुकानं सांगतात, पण मला त्याहून आठवतो तो माझ्या वडिलांचा पाणकरपणा. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या शेतात कधी आणि किती जाणार हे ठरवणारा माणूस. आमच्या गावात त्याला दोन बंधनं होती. त्याच्या स्वतःच्या शेताला पाणी सगळ्यांत शेवटी. आणि ओलिताचे दिवस असेपर्यंत त्यानं कोणाच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. वडील खांद्यावर डबा आणि पाण्याची तुंबडी घेऊन निघायचे. एका साली पाऊस दगा देऊन गेला, आमचं धान पिवळं पडायला लागलं आणि पाणी आमच्याच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून दुसऱ्याच्या शेतात जात होतं. आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी विचारलं, निदान चहा प्यायला काय हरकत आहे? ते म्हणाले, "त्याच्या घरचा चहा पेलो का, उद्या त्याच्या धुऱ्यावर उभा राहून 'बस झालं तुजं पानी' असं मले सांगता येत नाही."

माझे वडील चौथी शिकले होते. त्या बैठकीत बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या पदव्या भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या. आणि जे गावच्या पाणकराला कळत होतं ते आम्हाला समजावून सांगावं लागत होतं. मी हे बोलून दाखवलं. कुणाला आवडलं नाही. आवडावं म्हणून मी बोललेच नव्हते.

नर्सताईंना पाठवा, असं आरोग्य खात्याला जे पत्र जातं त्यावर सचिवाची सही लागते. मी म्हटलं, ट्रस्टच्या कार्यक्रमाच्या पत्रावर मी सही करणार नाही. सचिव बदला, नव्याची सही घ्या. माझ्या जागी कोणी यायला तयार नव्हतं, कारण पदाला काम फार आणि मान कमी. मग अध्यक्ष खुर्चीवरून उठले. म्हणाले, करा तुम्हीच, तुमच्या पद्धतीनं. पाहू कोण येतं.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टचा माणूस दवाखान्यात आला. सज्जन पोरगा, आमगावकडच्या पोवार शेतकऱ्याचा, त्याला स्वतःला दोन लहान लेकरं. त्याच्यावर मला राग काढता आला नाही. म्हणाला, मॅडम, या वेळी तक्ता नको असेल तर नको. फक्त काटे घ्या. "हमारा नाम कहीं नहीं आएगा."

"तेच तर नको आहे मला," मी म्हटलं. "नाव लपवून देता, म्हणून नको."

त्यानंतर अध्यक्षांच्या प्रसूतिगृहातून फोन येणं थांबलं. कुणी भांडलं नाही, फोन फक्त दुसऱ्या डॉक्टरकडे जायला लागला. दुपारी ओपीडीत मी वर्तमानपत्र वाचून संपवायला लागले. नवरा म्हणाला, थोडं नमतं घे. मी त्याला म्हटलं, भात वाढ.

प्रशिक्षणासाठी मी सालेकशाच्या एका शाळेचा हॉल मागितला, रविवारचा. रेल्वेगाडी तिथं थांबते, आणि देवरी-चिचगडच्या सिस्टर मिळून जीप करून येतील असं ठरलं. शहरातल्या एका राईस मिलवाल्यानं जेवणाचं कबूल केलं. मी विचारलं, तुमचा तांदूळ अंगणवाड्यांना जातो का? तो हसून म्हणाला, जातो ना. ज्या लेकरांचं वजन या नर्सताई पाहतात त्यांच्याच ताटात याचा तांदूळ, म्हणून मी तेही नको म्हटलं, आणि त्यानं मला वेड्यात काढलं. कदाचित तिथं मी जास्तच ताणलं. पण एकदा जीभ पोळलेली बाई ताकही फुंकणारच. नर्सताईंना कळवलं: बॅग मिळणार नाही, जेवण मिळणार नाही, जिनं तिनं आपला डबा आणावा. एकीनं फोनवर स्पष्ट विचारलं की मग येऊन मिळणार काय. मी म्हटलं, एका बाईनं आटलेलं दूध परत आणलं, ते कसं हे तिच्या तोंडून ऐकायला मिळेल.

आणखी एक नियम मी केला. जो कोणी बोलायला उभा राहील त्यानं आधी सगळ्यांसमोर सांगायचं, गेल्या काही वर्षांत कोणत्या औषध किंवा डबा कंपनीकडून काय घेतलं. पैसे, प्रवास, भेट, काहीही. घेतलं नसेल तर तसं सांगायचं. मगच विषयाला हात घालायचा. मी हा नियम फळ्यावर खडूनं लिहून ठेवला.

रविवारी मला वाटलं होतं, पहिले दोन बाकही भरणार नाहीत. गाडी आली तशा त्या आल्या. साडीवर स्वेटर, हातात डबे. आणि खांद्याला, जवळजवळ प्रत्येकीच्या, गेल्या वर्षीची ट्रस्टची मोरपंखी बॅग. चांगली टिकाऊ बॅग होती, लसीची रजिस्टरं त्यात मावतात, कशाला टाकतील? हॉल मोरपंखी दिसत होता.

पहिली मी उभी राहिले. फळ्यावरचा नियम वाचला आणि माझी यादी सांगितली. समुद्र. पेनड्राइव्ह. सर्दीचं औषध. आणि तक्ता, त्यावरचा डबा, त्याच्याखाली माझं नाव. हे सांगताना आवाज चढलेला होता. मी शरमेनं बोलत नव्हते, चिडून बोलत होते, स्वतःवर आणि सगळ्यांवर. हॉलमध्ये कुजबुज झाली. मी उपकेंद्रात ज्यांचा तक्ता फाडायला गेले होते त्या वयस्कर सिस्टर मागून म्हणाल्या, "म्हनून तक्ता फाडाले आल्या होत्या का तुमी?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि वही उघडली.

माझं बोलणं संपतंय तोवर दारात अध्यक्ष दिसले. येतील असं वाटलं नव्हतं. ते शेवटच्या बाकावर बसले, मी जाऊन नमस्कार केला. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, आलोच आहे तर प्रसूतीनंतरच्या पहिल्या तासावर चार शब्द बोलतो. त्या विषयावर त्यांच्याइतकं चांगलं बोलणारा माणूस या जिल्ह्यात नाही, हे मी शपथेवर सांगेन. मी फळ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा करून वाचलं, वाचून पुन्हा एकदा वाचलं.

"या वयात मी नर्सेससमोर हे सांगू?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "मी सांगितलं, सर."

ते उठले नाहीत. गेलेही नाहीत, हे मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. हात बाकावर ठेवून बसून राहिले. मी पहिल्या तासावर स्वतःच बोलले, त्यांच्याइतकं चांगलं नाही.

मग ती बाई. सकाळी मीच तिला गावाहून गाडीत घेऊन आले होते. पोरगा आता नऊ महिन्यांचा, लुगड्याच्या झोळीत तिच्या पाठीला बांधलेला. ती पुढे आली. इतक्या साऱ्या पांढऱ्या साड्या एकदम पाहून ती बावचळेल असं मला वाटलं, म्हणून मी शेजारी उभी राहिले. तिला मी नियमाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. तो डॉक्टरांसाठी आहे असंच माझ्या डोक्यात होतं. पण तिनं सकाळपासून सगळं ऐकलं होतं. तिनं फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मले बी सांगाचं हाये ना, कोनाकडून काय घेतलं ते?"

मी म्हटलं, तुला गरज नाही.

"काऊन नाही?" ती म्हणाली आणि हॉलकडे वळली. "या बाईनं मले गाडीत बसवून आनलं. हिच्याच डब्यातलं खाल्लं सकाळी. तीन आठवडे हिच्या दवाखान्यात होती, हिनं पैसा घेतला नाही. पोराच्या अंगातलं सेटर हिनंच देल्लं. हे सारं घेतलं मी."

दिवाळीपासून मी या विषयावर शहरभर भांडत होते, आणि या बाईची प्रायोजक मीच आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"म्हनून मी हिच्याच बाजूनं बोलन असं तुमाले वाटन," ती पुढे म्हणाली. "वाटाले पायजे. तं माज्या बोलन्यावर जाऊ नोका. पोराले पाहा आन् तुमचं तुमी ठरवा."

तिनं पाठीवरची झोळी सोडली, पोराच्या अंगातलं माझं स्वेटर काढलं, आणि त्याला उघड्या अंगानं टेबलावर, आम्हा सगळ्यांसमोर बसवलं.